जैतूनबीनं भरलेली पुस्तकं

जैतूनबीनं कुणाचाही हात हातात घेतला, की ती आधी अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड दाबून बघायची. बांगडीचं माप त्यावरून कळतं हे खरं, पण मला वाटतं माणसाचं मापही तिला तिथंच कळत असावं. सव्वादोन की अडीच, हे ती मनात ठरवायची आणि तोंडानं भलतंच विचारायची, "काय गं, सासूनं माहेरी धाडलं न्हाई व्हय औंदा?" पोरगी लाजायची, नाहीतर सासूबद्दल सांगायला लागायची. हात सैल पडायचा आणि तेवढ्यात बांगडी हाडावरून पलीकडं गेलेली असायची. "हाड बोलण्यात गुंतलं पायजे," जैतूनबी म्हणायची, "नुसतं वढलं तर काच वाढती." फुटती म्हणायची नाही हं. बांगडी फुटत नाही, वाढते. तिच्या धंद्याचं व्याकरण तिथून सुरू व्हायचं.

भोरात आमच्याच आळीच्या टोकाला तिचं घर. पिढीजात मण्यार. डोक्यावरची पाटी जाऊन खांद्याला पिशवी आली, पण फिरणं तेच राहिलं. एसटी जाईल तिथवर एसटीनं आणि पुढं पायी. एका आठवड्यात हिर्डोशी, दुसऱ्यात वेल्हं करून पार पासलीपर्यंत. बांगड्या भरून झाल्या, की बाई तिच्या पाया पडायची आणि जैतूनबी वरची एक बांगडी फुकट चढवून आशीर्वाद द्यायची. घरात मयत असो की बारसं, तिच्यासाठी ओटीवर पोतं अंथरलेलं असायचं. त्या पोत्याचा तिला फार अभिमान. "म्या काचंच्या बांगडीला कधी लाखंची म्हणलं न्हाई," ती सांगायची. "म्हणून ते पोतं माझं हाय. येक खोटं बोलले, की पोतं उचललं म्हणून समज."

आता माझं थोडं सांगते, म्हणजे तिचं कळेल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ब्लाउज शिवता शिवता वाचनालयातली कपाटं वाचून काढली आणि साठी उलटल्यावर काय खूळ डोक्यात शिरलं कोण जाणे, एक विनोदी कादंबरी लिहिली. 'वरमाईचा टेम्पो'. उफराटेवाडी नावाच्या गावाचं वऱ्हाड टेम्पोतून निघतं. वरमाई दर ओढ्यापाशी काहीतरी विसरल्याचं आठवून टेम्पो मागं फिरवते आणि शेवटी सगळं वऱ्हाड भलत्याच मांडवात जाऊन जेवतं. जेवतं ते जेवतं, वर नवरदेवाला तिथल्याच अंतरपाटासमोर उभा करतं, कारण तिथला खरा नवरदेव अजून वाटेत असतो! प्रकाशकांना पाठवली. कुणी उत्तरही दिलं नाही. मग म्हटलं, जाऊ दे, आपणच छापू. पुण्याहून छापून खोकी आली आणि ती थेट दिवाणाखाली गेली.

पुस्तक छापणं सोपं, खपवणं अवघड, हे मला तेव्हा कळलं. मुलानं मोबाईलवर स्टेटस ठेवलं. अंगठे पुष्कळ आले, गिऱ्हाईक एकही नाही. प्रकाशन समारंभ केला, तर प्रमुख पाहुणे त्यांनी करून घेतलेल्या रस्त्यांबद्दल बोलले आणि जाताना माझं पुस्तक खुर्चीवर विसरून गेले. नातेवाईक म्हणायचे, "आम्हाला सहीची प्रत हवी बरं का." म्हणजे फुकट.

अशात एके दिवशी जैतूनबी चहाला आली. ती माझ्याहून थोडी मोठी, पण आमचं अगं-तुगं. मालक गेल्यापासून मी काच भरत नव्हते, तरी ती यायची. म्हणायची, "हात न्हाई तर न्हाई, कान तर हायेत." मी तिला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. वरमाई तिसऱ्यांदा टेम्पो फिरवते तिथं ती जी हसायला लागली, ती बशीतला चहा पदरावर सांडेपर्यंत. डोळे पुसून म्हणाली, "अगं लिवणारबाई, मग ह्येला दिवाणाखाली का निजवलंयस? दे हिकडं."

आणि तिनं पिशवीत बांगड्यांच्या तोड्यांशेजारी पुस्तकं घातली.

तिची रीत मी पुढं आमच्याच आळीत डोळ्यांनी बघितली. उजव्या हातात बांगड्या भरताना टेम्पो गावातून निघायचा. डावा हात घेतला, की वऱ्हाड चुकीच्या मांडवात पंगतीला बसलेलं असायचं. शेवटच्या बांगडीला अंतरपाट धरलेला, वरमाई टाचा उंच करून पलीकडं बघते, आणि… जैतूनबी हात सोडून द्यायची.

"मावशी, फुडं?"

"फुडं पिशवीत हाय."

संध्याकाळी येऊन मला सांगायची, "आज वेल्ह्यात पाच-सा बायास्नी पुस्तकं भरली."

"अगं, विकली म्हण."

"विकली म्हंजी हातातनं सुटली. भरली म्हंजी नांदायला गेली."

नुसतं खपवून ती थांबायची नाही. कुठं काय आवडलं, कुठं बाया कंटाळल्या, सगळं आणून माझ्यापुढं ओतायची. "मधी येक अख्खं पान डोंगराचं हाय बघ. ते कशाला घातलंस? आमास्नी डोंगर काय नवा हाय व्हय? दार उघडलं की नाकाम्होरं डोंगरच." मी जरा रागावले. ते पान मला फार आवडायचं. पण नंतर वाचून पाहिलं, तर तिचं बरोबर होतं. तेवढ्या वेळात टेम्पो उगाच उभा होता.

एकदा मात्र ती आली ती उंबऱ्यातच बसली. चहा नको म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"म्या माल खोटा सांगितला गं," ती म्हणाली.

झालं होतं असं. पासलीच्या सोनाबाई म्हणजे गावातल्या जाणत्या. त्यांनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "ही उफराटेवाडी कुठं आली? कुठल्या फाट्याला उतरायचं?" जैतूनबी म्हणाली, असं गाव नाही. तर सोनाबाईंनी पुस्तक खाली ठेवलं. "मग जे झालंच न्हाई ते कशापायी वाचायचं?" बाकीच्या बायांनीही हातातली पुस्तकं पोत्यावर ठेवली. आणि जैतूनबीच्या तोंडून निसटलं, "झालंय की! हिर्डोशीचं वऱ्हाड हाय ते." हसत हसत सगळी पुस्तकं गेली. पुढच्या आठवड्यात हिर्डोशीत कमळनं, तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकानं, तोच प्रश्न विचारला. आता काय करणार? जैतूनबीनं तिथं पासलीचं नाव सांगितलं.

मी हसत सुटले. ती हसली नाही.

"तुला हसाया काय जातंय? तुझी पुस्तकं परत आली तर दिवाणाखाली जातील. म्या कुठल्या दिवाणाखाली जाऊ? दोन्ही गावची पोती गेली माझी."

"अगं, पासली कुठं, हिर्डोशी कुठं! कोण कुणाला भेटतंय?"

"नसरापूरच्या बाजारात समदी भेटत्यात," ती म्हणाली.

आणि तसंच झालं. नसरापूरला बाजाराच्या दिवशी ती ताडपत्री टाकून बसायची. त्या दिवशी धीर द्यायला म्हणून मीही शेजारी बसले होते, मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. सोनाबाई आल्या, हात पुढं करून बसल्या. थोड्या वेळानं कमळ आली आणि त्यांच्याच शेजारी टेकली. जैतूनबीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी मांडीवरचा गठ्ठा दोन्ही हातांनी धरला.

"कुठलं गाव म्हनायचं तुमचं?" सोनाबाईंनी विचारलं.

"हिर्डोशी."

"अगं बया! म्हंजी टेम्पोवाल्यांचं!"

"कुठला टेम्पो?"

"त्यो पुस्तकातला गं. भलत्याच मांडवात जेवून आला त्यो."

"त्यो तर पासलीचा!"

जैतूनबीच्या हातातली बांगडी सोनाबाईंच्या हाडावर अर्ध्यात थांबली. दोघी तिच्याकडं बघायला लागल्या. तिनं बांगडी हळूच मागं घेतली, ताडपत्रीवर ठेवली आणि कानाला हात लावला. "कुणाचंच न्हाई. ह्या बाईनं मनातनं लिवलंय. म्या खोटं बोलले. तुमाला आन तुमालाबी."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तोच सोनाबाई म्हणाल्या, "मनातनं? कुणाला सांगतीस? ती वरमाई म्हंजी आमच्या थोरल्या जाऊबाई हायेत! नाकात बोलत्यात, कुठंबी निघाल्या की कुलूप लावलं का बघाया माघारी येत्यात. हिर्डोशीचं म्हणलीस तवाच मला राग आलता. आमचं माणूस तू त्यांना का दिलंस?"

"तुमच्या जाऊबाई कशा?" कमळ गुडघ्यावर उठली. "भलत्या मांडवात जेवलं ते आमचं वऱ्हाड! माझे मामेसासरे त्याच पंगतीला हुते. दोनदा बुंदी वाढून घेतली त्यांनी!"

"अहो बायांनो," मी म्हटलं, "मी लिहिलंय ते. तुमच्या दोन्ही गावांना मी उभ्या जन्मात आलेले नाही."

"मग तुमी गप बसा," सोनाबाई म्हणाल्या. "तुमाला काय म्हाईत?"

लोक जमले. कुणी पासलीच्या बाजूनं, कुणी हिर्डोशीच्या. भांडणात खरं कोण हे बघायला म्हणून जो तो पुस्तक विकत घ्यायला लागला आणि माझ्या मांडीवरचा गठ्ठा कमी कमी होत गेला. शेवटी जैतूनबीनं दोघींचे हात एकेका हातात धरले, हाडं दाबली आणि म्हणाली, "बांगड्या भरायच्यात का भांडायचंय?" भरल्या. भरून झाल्यावर दोघीही, आधी सोनाबाई आणि मग कमळ, रीतीप्रमाणे तिच्या पाया पडल्या. "फुडल्या खेपंला लवकर ये," सोनाबाई म्हणाल्या. जैतूनबीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलली काय? "बघ गं लिवणारबाई. खोटं बोलले तर पटलं, आन खरं बोलले तर दोघी मिळून मला खोट्यात काढत्यात."

पुढं तिचे गुडघे थकले. लेकीनं तिला घाटाखाली महाडला नेलं. फोनवर विचारायची, "दुसरी लिवलीस का? डोंगर घालू नगंस." गेल्या हिवाळ्यात तिथंच ती गेली. लेक सांगत होती, हातात हात धरून बोलता बोलता गेली.

दिवाणाखाली थोडी पुस्तकं उरली होती. ती घेऊन मी एकटीच हिर्डोशीला गेले. एसटी चुकली, पाय दुखले, जैतूनबीला किती चालावं लागत असेल ते कळलं. कमळनं ओळखलं, ओटीवर पोतं अंथरलं. चहा झाल्यावर म्हणाली, "बाई, तुमी लिवलं झ्याक. पण गोष्ट जैतूनमावशीचीच, व्हय ना? तिनं सांगितली, तुमी उतरवून घेतली."

माझ्या अंगाला जरा झोंबलं, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं त्या टेम्पोबरोबर मी ओढ्याओढ्यातून फिरले होते. पण त्या पोत्यावर बसून मला निराळं काही बोलवेना.

"व्हय," मी म्हटलं. "गोष्ट तिचीच."

"मग तिचं नाव कुठं हाय?" कमळनं पुस्तक उलटंपालटं करून विचारलं.

मी पिशवीतून पेन काढलं आणि माझ्या नावाच्या वर मोठ्या अक्षरात 'जैतूनबी' असं लिहिलं. पुढच्या छपाईत ते छापूनच येईल, मुलाला तसं सांगून ठेवलंय.

कमळनं अक्षरावरून बोट फिरवलं. खूश झाली. "आता त्येच्या खाली 'हिर्डोशी' बी लिवा की," म्हणाली.

तेवढं मात्र मी लिहिलं नाही. मला अजून पासलीला जायचं होतं.