सान कुणाला म्हणायचं?

बंदरावरच्या ऑफिसात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण टेबल सोडून पाणी प्यायला गेलो, तर परत येईपर्यंत एखादा घडून गेलेला असतो! आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातले हे किस्से ऐकून लोक पोट धरधरून हसतात. मला मात्र आधी संताप येतो, हसू मागाहून. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

दुसरं महायुद्ध संपून आठ-दहा वर्षं झाली होती. आमची कंपनी जिल्ह्यातलं कच्चं लोखंड बोटीनं जपानला पाठवायची. मी पत्रव्यवहाराचा क्लार्क आणि माझ्या डोक्यावर सरपोतदार मॅनेजर. या गृहस्थांची ओळख एका वाक्यात होते. फोन उचलला की ते म्हणायचे, "हॅलो, मी सरपोतदारसाहेब बोलतोय!" स्वतःच स्वतःला साहेब! बाकी सगळ्या ऑफिसला मात्र ते अरे-तुरे करायचे.

* * *

माल तपासायला जपानहून इशिदा नावाचे इन्स्पेक्टर दोन महिन्यांसाठी येणार, अशी तार आली. दुभाष्या कुठून आणायचा? मॅनेजरना एकदम आठवलं, की आमच्या लाँचवरचा खलाशी कदम लढाईत सिंगापूरला पकडला गेला होता आणि तीन-साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होता.

"कदम्या, तुला जपानी येतं ना? मग झालं तर!"

पगार अर्थातच खलाशाचा!

इशिदा धक्क्यावर उतरले. मॅनेजर हार घेऊन पुढे, आम्ही मागे ओळीनं. मॅनेजर म्हणाले, "कदम्या, म्हणावं, या या, लवकर या."

कदमनं छाती भरून घेतली आणि ओरडला, "कोरा! हायाकु!"

इशिदांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ते जागच्या जागी ताठ उभे राहिले. मग कदमसमोर कमरेतून वाकले, ते किती वेळ वरच येईनात. मॅनेजर हार धरून तसेच उभे. "अरे, आधी नमस्कार खलाशाला?"

त्या शब्दांचा अर्थ इशिदांनी मला नंतर मोडक्या इंग्रजीत सांगितला. 'ए, चल, पाय उचल!' त्यांच्या लष्करातली ओरड. मी कदमला गाठलं. म्हटलं, "अरे, पाहुण्याला असं बोलवतात?"

"त्यांच्यात असांच बोलवतात," कदम म्हणाला. "आमाला तरी रोज असांच बोलवल्यानी." मी हसलो. तो हसला नाही.

* * *

इशिदा सगळ्यांच्या नावापुढे 'सान' लावायचे, आपण 'राव' लावतो तसं. मला, हमालांना, ढिगावर पाट्या वाहणाऱ्या बायकांना, सगळ्यांना एकच माप. मॅनेजरना हे फार लागलं.

"मला पण सान आणि हमालाला पण सान? मग मी मॅनेजर कशाला झालो?"

त्यांनी मला इशिदांकडे पिटाळलं, की तुमच्यात याहून वरचं काय आहे ते विचार. इशिदा म्हणाले, आहे की! 'सामा'. देवाला लावतात आणि गिऱ्हाइकाला लावतात.

मॅनेजरची कळी खुलली. "सांग त्यांना, मला सामा म्हणत जा!"

आता सांगा, या व्यवहारात गिऱ्हाईक कोण होतं? माल आमचा, विकत घेणारे ते! इशिदांनी मान तिरकी केली आणि अगदी आदरानं विचारलं, "सरपोतदारसान आमच्याकडून काय विकत घेणार आहेत?"

* * *

त्याच आठवड्यात मुंबईचे डायरेक्टर आले. त्यांना आपलं जपानी दाखवायला मॅनेजरनी इशिदांसमोर छातीवर हात ठेवून जपानी पद्धतीनं स्वतःची ओळख करून दिली, "मी सरपोतदारसान!"

इशिदांनी झटकन खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला. तिकडे म्हणे स्वतःच्या नावाला सान लावायची पद्धतच नाही. मान दुसऱ्यानं द्यायचा. स्वतःचा स्वतः घ्यायचा नाही. आमच्या मॅनेजरला हे कळलं असतं, तर फोनवर काय बोलायचं हा प्रश्नच पडला असता!

* * *

इशिदांचं जेवण आमच्या ऑफिसच्या स्वयंपाकीण काशीबाई करायच्या. ते जेवून उठले की हात जोडून 'काशीसान' म्हणून वाकायचे. पहिल्या दिवशी बाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आठवडाभरात मात्र माशाची मधली तुकडी इशिदांच्या ताटात आणि शेपट्या आमच्या ताटात!

मी तक्रार केली, तर बाई माझ्यावरच उसळल्या. "तीस वर्सं झाली लग्नाला. आमच्या ह्यांनी 'अगो' सोडून कदी हाक मारल्यानी नाय. ह्यो परमुलखातला माणूस माजां नाव घेतो! तुमी कवा घेतलात?"

मी गुपचूप शेपटी खाल्ली.

* * *

पण सगळ्यांना सान लावणाऱ्या त्या माणसाला एक जण सान लावत नव्हता. कदम. तो नुसतं 'इशिदा' म्हणायचा. इकडून 'कदमसान', तिकडून 'इशिदा'!

मॅनेजरनी त्याला केबिनमध्ये घेतलं. "कदम्या, सान म्हणायला तुझी जीभ झडते काय रे?"

"तिथं रोज सकाळी पहारेकऱ्याला वाकून सान म्हणायचा. विसरला की कानफटीत. आनि आमाला नाव नाय, नुसता नंबर. माज्या तोंडातला सान तिथंच संपला, सायेब."

हे ऐकून माणूस गप्प बसेल की नाही? आमचे मॅनेजर म्हणाले, "ते मला सांगू नकोस. परवा ते बोटीवर चढतील तेव्हा सगळ्यांदेखत इशिदासान म्हणायचंस. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस!"

घरी म्हातारी आई, बायको, तीन पोरं. जो माणूस स्वतः कुणाला 'अहो' म्हणत नाही, तो दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन सान वसूल करणार! माझं डोकं इतकं फिरलं, की मी इशिदांना जाऊन सगळं सांगून टाकलं. ते चष्मा काढून पुसत बसले.

* * *

निघायचा दिवस आला. आमची लाँच स्टीमरला जाऊन लागली. लाटेवर लाँच वरखाली होत होती, वरून दोरीची शिडी सोडलेली. मॅनेजर ओरडले, "ए कदम्या, शिडी धर! आणि बोल काय बोलायचंय ते!"

कदमनं शिडी धरली. तोंड मिटलेलं.

इशिदा शिडीपाशी आले आणि दोन पावलं मागे सरले. मॅनेजरकडे वळून म्हणाले, "कदमसान."

"येस येस! प्लीज गो!" मॅनेजर हसत म्हणाले.

इशिदांनी हात मांड्यांना लावले, मॅनेजरसमोर वाकले आणि पुन्हा म्हणाले, "कदमसान."

वरून कॅप्टन हातवारे करू लागला. स्टीमरचा भोंगा झाला. इशिदा हलेनात. लाँचवरचे सगळे मॅनेजरच्या तोंडाकडे बघायला लागले. मॅनेजरनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा टोपी घातली.

"कदमसान," ते शेवटी म्हणाले, "शिडी धरा."

कदमनं दोरी मनगटाला एक वेढा देऊन ताणली.

"चढा आता, इशिदासान," तो म्हणाला. "वारा उठतोय."