भामरागडले रॅम कायले पाहिजे?

आज डोकं फिरलं हाये, म्हणून लिहून राह्यली.

मी ग्रामसभेसाठी आमच्या जंगलाचे नकाशे बनवते. वनहक्काच्या दाव्याले ते जोडा लागते. पण नकाशा उघडला की लॅपटॉप अटकते. रॅम वाढवाची का नवाच घ्यावा, हे विचाराले आज भामरागडवरून चंद्रपूरले गेली.

दुकानदारानं लॅपटॉपले हातही नाई लावला. पहिला प्रश्न, "गाव कोणतं?"

"भामरागड."

"मंग हाये तेवढी रॅम बस झाली, बाई. तिकडे लाईट तरी राह्यते का? पिच्चरच पाहाचे ना?"

बाजूचे गिऱ्हाईक हासले. मी तिथीच नकाशा उघडला. स्क्रीन अटकली, दुकानदारही हासला. मी हलली नाई. पाच मिनिटांनी सारं दिसलं: नदी, बांबू, तेंदू, आमची हद्द.

"हे तुम्ही बनवलं? थांबा, आठ जीबी टाकून देतो."

नाई थांबली. पुढच्या दुकानातल्या भाऊनं आधी काम विचारलं, मंग लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं. रॅमची एक जागा रिकामीच होती. तिथीच टाकून घेतली.

त्या पहिल्या दुकानाचं काउंटर अस्सल सागवानाचं होतं, आमच्याच जंगलाकडचं. सांगा, ते घेताना त्यानं गाव विचारलं असंल का?