शहादेवाचे पाय कुणीकडं

बायडाबाई आमच्या ऊसतोडीच्या टोळीतली. अख्ख्या टोळीत ख्रिस्ती घर तेवढं एकच, तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, शहादेवाचं. सकाळी आम्ही खंडोबाला हात जोडत असू, तेवढ्यात ती डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायची आणि आमच्या आधी फडात शिरायची. देवाशी बोलणं हिचं एवढं लवकर कसं उरकतं, याचं मला लई नवल वाटायचं.

त्या वर्षी पाऊसच नव्हता. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला. ऊस वाळायच्या आत तोडा म्हणून सहकारी कारखान्याची माणसं रोज येऊन ओरडून जायची. अशात बायडाबाई आजारी आईला बघायला पालीला गेली आणि इकडं शहादेव मोळी गाडीत टाकता टाकता खाली बसला. बसला तो बसलाच.

निरोप धाडला. पण त्या उन्हात वाट तरी किती बघणार? ख्रिस्ती माणसाला पुरतात, एवढं आमच्या मुकादमाला, उत्तरेश्वराला, ठाऊक होतं. शेताच्या मालकानं बांधाकडेची जागा दिली. जमीन अशी तापून कडक झालेली की पहार आपटली की ठिणगी उडायची. पण गड्यांनी शहादेवाला ठेवला मानानं.

बायडाबाई पोचली तेव्हा वरची माती थापून झाली होती. पोटभर रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "मुकादम, पाय कुनीकडं केले?"

"दक्षिणेला, वहिनी. एकदम रीतसर! काईच कमी केलं न्हाई."

बाईनं उगवतीकडं हात केला. "आमच्यात पाय उगवतीला करत्यात. प्रभू येशू तिकडून येनार. त्या दिशी मेलेलं मानूस उठून बसलं की तोंड समोर पायजे. ह्यो आता यमाकडं बघत उठल की वो!"

उत्तरेश्वराचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणाले, "बायडे, उठायचं म्हंजे खरंच उठायचं व्हय? मला वाटलं, नुसती बोलायची रीत हाय."

"नुसती रीत असती तर मी कावून रडले असते, चंद्रभागे? उठनार हाय तो."

तिचं म्हणणं एकच, उकरा आणि वळवून ठेवा. गडी एकमेकांच्या मागं सरकायला लागले. शेवटी ठरलं, येत्या रविवारी त्यांचा पुनरुत्थानाचा सण हाय, बीडच्या चर्चचे पाळकसाहेब येतील, ते म्हणतील तसं करायचं.

त्या सणाला ही माणसं उजाडायच्या आत कबरीपाशी जमतात. आम्हीबी गेलो, शहादेव आमचाबी होता. उत्तरेश्वर पहार घेऊन उभा, वाघ समोर आल्यासारखा. पाळकसाहेबांनी मेणबत्ती लावली, पवित्र शास्त्र उघडलं आणि मरियेची गोष्ट वाचली. ती प्रभूच्या रिकाम्या कबरेपाशी रडत होती. मागं प्रभू उभा, पण तिला वाटलं, मळ्याचा माळी हाय. मग त्यानं "मरिये" म्हणून हाक मारली आणि ती वळली.

बायडाबाई मधीच बोलली, "साहेब, तिची पाठ व्हती त्याच्याकडं?"

"होती, बाई."

"आन त्यानं रागं न्हाई भरलं?"

"नाही. नाव घेऊन बोलावलं फक्त."

बाईनं थडग्याच्या मातीवर हात फिरवला. मग उत्तरेश्वराला म्हणाली, "भावजी, पहार ठिवा खाली. देव हाक मारल, ह्यो वळल."

उत्तरेश्वरानं एवढा मोठा श्वास सोडला की मेणबत्ती विझली. बाईला हसू फुटलं, रडता रडताच. "पर साहेब, देवाला सांगून ठिवा. ह्यो एका हाकेत कंदीच उठला न्हाई. दोनदा तरी मारावी लागल."

उजाडलं तशी ती थडग्याच्या कडेची ढेकळं हातानं फोडून सारखी करायला बसली. मीबी पदर खोचला आणि तिच्या शेजारी बसले.