दादाने फोडलेला बांध

माझं माहेर पेण तालुक्यातलं, खाडीकाठचं. जिते स्टेशनला उतरायचं आणि खाडीच्या दिशेने चालत सुटायचं. सासर रोह्याकडे, खांब गावाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. माहेरी पाणी समोरून चालून येतं, सासरी डोक्यावरून उतरतं. बाकी माणसं दोन्हीकडची सारखीच हट्टी, माझ्यासकट.

आमच्या घराच्या वर मुरमाची खाण होती. ती बंद पडली आणि डोंगर तसाच सोललेला राहिला. मग ओळीने दोन पावसाळे तिथली लाल माती घळीतून वाहत येऊन सासूबाईंच्या भातखाचरात बसली. पहिल्या वर्षी त्यांनी ती घमेल्याने उपसली. दुसऱ्या वर्षी लावलेलं भातच गाळाखाली गेलं. तेव्हा खाचराच्या कडेला बसून म्हणाल्या, "आता पुन्हा असं झालं तर मी नाय उतरायची त्या चिखलात. पडीक पडूदे." आदळआपट करून बोलल्या असत्या तर मी कानाआड केलं असतं. पण इतक्या शांतपणे बोलल्या की मला ते खरं वाटलं. खाचर सोडलं तर या बाईला दुसरं जग नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात खाण सावरायचं काम निघालं. उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथरायच्या, त्यात मुळांनी माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावायचं, आडवे चर खणायचे आणि घळीच्या तोंडाशी बांध घालायचा. मातीकामाला माणसं हवी होती, म्हणून मीच माहेरी फोन लावला. माझ्या थोरल्या भावाचं अख्खं आयुष्य खाडीचे बांध घालण्यात गेलेलं. त्याच्या बांधातून भरतीच्या पाण्याचा टिपूस आत येत नाही. आपली माणसं घेऊन दादा आला.

या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडम होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बांध नुसत्या दगडांचा रचा. फटी राहू द्या. माती अडेल आणि पाणी हळूहळू निघून जाईल."

दादा माझ्याकडे वळला. "फटी? अगो बाय, फटीचा बांध घातला तर गावात तोंड दाखवायला जागा नाय राहायची!"

मॅडम दुसऱ्या साइटवर गेल्या आणि इकडे दादाने एकूण एक फट चिकणमाती न् पेंढा तुडवून बुजवली. बांध कसला, भिंतच! परत आल्यावर मॅडमनी कपाळाला हात लावला. ती माती काढा म्हणाल्या. दादा "व्हय, व्हय" म्हणत राहिला आणि पाऊस लागला.

आषाढात एके दिवशी सकाळपासून नुसता कोसळत होता. खाली लावणी नुकतीच उरकलेली. वर बांधामागे तांबड्या पाण्याचं तळं साचलेलं. आणि बांधाच्या बुडातून पाणी फुटायला लागलं.

"खांड! खांड पडली!"

बांधाला भगदाड पडलं की आमच्या खाडीकडे हीच हाक. ती ऐकली की हातातला घास टाकून धावायचं. सगळे पेंढा, चिखल घेऊन धावले. मीपण पदर खोचून धावले.

"बुजवू नका!" मॅडम वरून ओरडत आल्या. "कडेने वाट करून द्या! बांध एकदम गेला तर खाली शेत आहे!"

मी खाली पाहिलं. प्लास्टिक डोक्यावर घेऊन सासूबाई खाचरापाशी उभ्या होत्या आणि वर आमच्याकडे बघत होत्या.

"दादा, फोड!" मी म्हटलं.

"बांध फोडू? मी?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्याकडे बांध फोडणाऱ्याच्या घरी कुणी मुलगी देत नाही.

"विचारत नाय, सांगतेय. खाली माझी सासू उभी हाय."

दादाने डोक्याचा टॉवेल काढला, बांधाला हात लावून नमस्कार केला आणि फावडं उचललं. बांध कडेच्या खडकाला टेकतो त्या कोपऱ्यातून त्याने पाणी जरा जरा करत वाळ्याच्या उतारावर सोडलं. दुसऱ्या कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. दुपारपर्यंत तळं उतरलं. खाचराच्या एका कोपऱ्यात गाळ आला, तेवढाच. दादा रडत होता. पावसात कुणाला कळलं नाही, पण मी बहीण आहे.

पाऊस उघडल्यावर त्याने बांधातली माती स्वतःच्या हाताने काढली, नुसते दगड ठेवले. खाचरातला कोपराही त्यानेच साफ केला. सासूबाईंनी त्याला ताट स्वतः वाढलं.

आता पाऊस लागला की पेणहून दादाचा फोन येतो. जन्मभर हा माणूस पावसात एकच विचारायचा, "पाणी आत आलं नाय ना?" आता मला विचारतो, "पाणी जातंय ना गो?"

"जातंय."

"आणि म्हातारी?"

मी दारातून खाली बघते. रोपांची मूठ हातात धरून सासूबाई वाकलेल्या असतात.

"चिखलात हाय," मी सांगते.