पंचांचे डोळे तपासा

"आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" असं विचारत चष्मेवाले गिऱ्हाइकाच्या नाकावरच्या जड चौकटीत काच बदलायचे आणि उत्तर यायच्या आत म्हणायचे, "टकल्याला फुकटात जिंकवलं हो! बारा फेऱ्या झाल्या, त्यातल्या तीन तरी त्याच्या होत्या का?" गिऱ्हाईक बिचारं एक डोळा झाकून बसलेलं. टकल्या कोण, फेऱ्या कसल्या, काही पत्ता नाही. ते आपलं "मघाशी" म्हणायचं, आणि चष्मेवाल्यांना वाटायचं, आपल्याला दुजोरा मिळाला.

पार्टिशनच्या मागे त्यांची बायको काचा घासायला बसायची. फ्रेमच्या मापाची काच कापायची, चाकावर कड घासायची, बसवून बघायची. एकतीस वर्षं तिने हेच केलं होतं आणि त्यातली निदान वीस वर्षं टकल्या, दाढीवाला, डावखुरा, लंबू अशा कुणा ना कुणाची कैफियत ऐकत केलं होतं. चाकाचा आवाज मोठा होता, पण चष्मेवाल्यांचा त्याहून मोठा होता.

बरं, स्वतः त्यांनी आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती. झुरळ दिसलं तरी ते बायकोला हाक मारत. पण रविवारी सकाळी टीव्हीवर लढत लागली की यांच्याएवढा जाणकार जगात दुसरा नाही. आवाज बंद करून बघायचे, कारण समालोचक माणसाचं डोकं फिरवतात. नंबरांच्या एका जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर प्रत्येक फेरीचे गुण लिहायचे, दहाला नऊ, दहाला आठ. शेजारी पंचांचे गुण. दोन्ही जुळले नाहीत तर लाल शाईने शेरा: डोळे तपासा!

पूर्वी हे लाल शेरे महिन्याकाठी एखादा असत. गेल्या वर्षभरात पानं लालेलाल झाली होती. मुष्टियुद्ध असो की पिंजऱ्यातली लाथाबुक्क्यांची लढत, यांचा निकाल एक आणि जगाचा दुसरा. शेवटी त्यांनी कुठल्याशा संघटनेला ईमेल पाठवला, की आपल्या तिन्ही पंचांचे डोळे मी विनामूल्य तपासून देतो, इकडे पाठवा. खाली हेही लिहिलं, की ज्याला आपल्या नजरेची खात्री आहे, त्याला तपासणीची भीती वाटायचं कारण नाही. उत्तर आलं नाही. त्यावरून पुढे दोन आठवडे दुकानात संघटनेचा उद्धार चालला होता.

बायको या सगळ्याला विटली होती, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. चष्मेवाल्यांच्या नडग्या. आंघोळ करून आले की दिसायच्या, निळ्या, काळ्या, एका जागी तर खपली. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं बुटकं स्टूल, पार्टिशनपाशी असलेली एकुलती एक पायरी, फ्रेमचे खोके, सगळ्यांवर ते आदळायचे आणि वर विचारायचे, "हे इथे कुणी ठेवलं?" स्टूल तिथे अठरा वर्षं होतं.

"अहो, एकदा डॉक्टरीणबाईंना डोळे दाखवून या," ती म्हणाली होती. एकदा नाही, दहादा.

"मला? डोळे?" ते तक्त्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि शेवटची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचून दाखवायचे. रोज सकाळी शटर वर केलं की आधी ती ओळ वाचायची, मग दिवा लावायचा, हा त्यांचा नेमच होता. ओळ दिसतेय म्हणजे डोळे ठणठणीत. पुढे बोलायची सोय नाही. आणि त्याच तक्त्याशेजारी त्यांनीच लावलेली पाटी होती, की चाळिशीनंतर दरवर्षी डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्यावं, काचबिंदू नकळत नजर खातो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती पाटी वाचून दाखवायचे. तिला वाटायचं, ती पाटी काढावी आणि यांच्या गळ्यात अडकवावी.

मग तो रविवार आला. तिचा धाकटा भाऊ सकाळीच आला होता. तो शाळेत व्यायामशिक्षक होता, आणि दाजींचे टोमणे हसत ऐकून घेणारा जगातला शेवटचा माणूस. तीही त्या दिवशी सैल स्क्रूच्या चार फ्रेम घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. पिंजऱ्यात दाढीवाला आणि लंबू. दाढीवाला जवळ जायचा, लंबूच्या पोटरीवर खाडकन लाथ मारायचा, मागे सरायचा. पुन्हा तेच. स्क्रू पिळता पिळता तिने अकरा लाथा मोजल्या. पोटरी टोमॅटोसारखी लाल झाली होती. तिसऱ्या फेरीत लंबूचा पाय टेकेना. तो लंगडला आणि खाली बसला.

"बघ! बघ!" चष्मेवाले उठून उभे राहिले. "कुणी हात लावला नाही, काही नाही, आणि हा बसला खाली! नाटकं सगळी!"

"अहो, मघापासून अकरा लाथा मारल्यात ना त्याने पोटरीवर," ती म्हणाली.

"कधी?"

तिच्या हातातला पेचकस थांबला. भावानेही मान वळवली. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. तेवढ्यात पडद्यावर तीच लाथ संथ गतीने, मोठी करून दाखवली. चष्मेवाल्यांनी हनुवटी खाली नेऊन पाहिलं. "हां, मारली असेल एखादी," ते कुरकुरत म्हणाले आणि रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं: डोळे तपासा!

दुपारी ते आडवे झाल्यावर तिने ते रजिस्टर पहिल्यांदा उघडलं. शेरे वाचत गेली. "कारण नसताना गुडघे टेकले." "नुसतं वाकून उभं राहणाऱ्याला गुण?" "हा एवढा दमला कशाने?" भाऊ शेजारी बसून एकेक लढत आठवून सांगत होता. "ताई, ही पोटावरच्या ठोशाने संपली. ही पण. ही मांडीवरच्या लाथांनी. आणि टकल्या म्हणजे, तो बरगड्यांशिवाय कुठे मारतच नाही गं! सगळं जग जाणतं."

"यांना ते दिसतच नाही," ती म्हणाली. मोठ्याने बोलल्यावर तिला धडकी भरली. हे लढवय्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि छातीच्या खालचं सगळं कुणीतरी हळूहळू, यांना न विचारता, पुसून टाकत होतं. तिथेच यांच्या नडग्याही होत्या.

संध्याकाळी दुकानात तिने विषय काढला. अपेक्षेप्रमाणे ते तक्त्यापाशी गेले, शेवटची ओळ सुलटी वाचली, उलटी वाचली.

"तक्ता मधलं विचारतो हो! कडांचं कोण विचारणार?"

"तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय मी. तू मला शिकवणार?"

"तुम्ही शिकवलंत तेच सांगतेय!" तिचा आवाज चढला. एकतीस वर्षांत इतका चढला नव्हता. तिने टेबलावरचा फोन उचलला, संघटनेला गेलेला ईमेल शोधला आणि शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. "ज्याला आपल्या नजरेची खात्री आहे, त्याला तपासणीची भीती वाटायचं कारण नाही. कुणी लिहिलंय हे?"

चष्मेवाल्यांनी फोन तिच्या हातातून घेतला, ते वाक्य स्वतः पुन्हा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. "उद्या जाऊ," ते म्हणाले. "तुझं समाधान होऊ दे."

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्यांना एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाला, मग दुसरा. बायको बाहेर बाकावर बसून बटणाचा आवाज ऐकत होती. टक. टक टक. मग काहीच नाही. तिने मनात आकडे मोजले. वीस झाले. मग पुन्हा एकदा टक.

ते बाहेर आले ते तणतणतच. "यंत्र बिघडलंय बाई तुमचं! मधेमधे कितीतरी वेळ दिवेच लावत नाही. माणूस बसलाय आपला बटण धरून!"

डॉक्टरीणबाईंनी दोन कागद टेबलावर ठेवले. दोन गोल. दोन्हींचा वरचा भाग पांढरा, खालचा काळाभोर. असे कागद चष्मेवाल्यांनी गिऱ्हाइकांचे कितीतरी पाहिले होते, वाचून समजावलेही होते. त्यामुळे समजावायला कुणाची गरज नव्हती. त्यांनी कागद वर धरला, डोळ्यांच्या समोर, आणि पाहत राहिले.

"गेलेलं परत येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेलं वाचवता येईल. थेंब आजपासून. एकही दिवस चुकवायचा नाही."

चष्मेवाल्यांनी मान हलवली. जरा वेळाने विचारलं, "म्हणजे टकल्या जिंकला होता?"

"अहो!" बायकोने कपाळावर हात मारला. इतके महिने तिला वाटत होतं, एकदा माझंच खरं ठरू दे, मग बघते. आता खरं ठरलं होतं आणि तिला नुसतं रडू येत होतं. "जिंकला होता," ती म्हणाली. "सरळ सरळ जिंकला होता."

दवाखान्याच्या बाहेर पायऱ्या होत्या. एरवी ते तरातरा पुढे जायचे आणि ती मागून ओरडायची. आज ते पहिल्या पायरीपाशीच थांबले. खाली पाहिलं नाही, समोरच पाहत राहिले.

"किती आहेत?"

"चार."

त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला. एक उतरले, दोन उतरले. तिसरीवर पुन्हा थांबले.

"पुढच्या रविवारी डावखुऱ्याची लढत आहे," ते म्हणाले. "तू बस शेजारी. छातीच्या वरचं मी बघतो. खालचं तू सांगायचं. फेरीगणिक."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"लाथा मोजता येतात ना? अकरा मोजल्यास तू. मला एकच दिसली."

म्हणजे आता उरलेला जन्म दर रविवारी ही मारामारी बघायची. तीही टक लावून, स्क्रू न पिळता. तिच्या डोक्यात सणक गेली आणि तिने त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

"अजून एक पायरी आहे," ती म्हणाली. "सांभाळून."