इंजिनाचं झाकण

दौंडहून मी शिरूरला परत आले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती, बाकी काही नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दार उघडलं, पिशवी हातातून घेतली आणि विचारलं, "जेवलीस का?" एवढंच. नवऱ्याचं दुसरीकडं जमलं होतं. ते आप्पांच्या कानावर गेलंच असणार. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. आप्पा एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले होते. मला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं. संध्याकाळी घरात आम्ही दोघं, आणि दोघंही गप्प. भाकऱ्या करताना मी मुद्दाम भांडी आपटायची. घर भरल्यासारखं वाटायचं.

मग एक दिवस आप्पांनी ओळखीच्या डॉक्टरांची जुनी मोटार विकत घेऊन ओढून आणली. वर्षानुवर्षं उभी राहून तिचं इंजिन जाम झालं होतं. अंगणात पोती अंथरून त्यांनी ते सगळं खोललं. एका रविवारी इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, ते त्याला टॅपेट कव्हर म्हणायचे, माझ्यापुढं ठेवलं. सोबत घमेल्यात साबणाचं पाणी आणि पॉलिश पेपरची चळत.

"घास."

"कुठपर्यंत?"

"तोंड दिसंस्तवर."

जुना रंग निघाल्यावर आतलं अॅल्युमिनियम राखेसारखं दिसलं. आधी खरबरीत पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून. आप्पांनी एकदाच समजावलं, "ह्यानं उभं घासलं का फुडच्यानं आडवं. मागची एक बी रेघ ऱ्हायली तर फुडं जायाचं न्हाई." पाणी बघता बघता शाईसारखं काळं व्हायचं. सोमवारी फायली चाळताना माझी नखं बघून बाकीच्या बायका एकमेकींकडं बघायच्या. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, भांडी सोडून आता इंजिन घासतीस व्हय?" मी हसले. घरात येऊन मात्र बराच वेळ तशीच उभी राहिले.

कितव्या तरी रविवारी मला वाटलं, झालं आता. आप्पांनी झाकण उन्हात तिरपं धरलं. एका कडेला मागच्या पेपरची केसाएवढी रेघ राहिली होती. त्यांनी जाडा पेपर परत माझ्या हातात दिला. माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे, मी झाकण फरशीवर भिरकावलं.

"सासरच्यांनी मला घालवलं नाही, आप्पा! मीच आले. माझी मी आले!"

आप्पा उठले. झाकण उचललं, चारी बाजूंनी बोट फिरवून बघितलं. कोपऱ्याला जराशी खोक पडली होती.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. मग घमेल्याकडं बघून, "पानी बदल. लई काळं झालंय."

मी पाणी बदललं. खोक निघेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून घासलं. शेवटी आप्पांनी एका जुन्या विजेच्या मोटरला कापडी चाक बसवलं, त्याला पॉलिशची वडी लावली आणि झाकण त्यावर फिरवलं. आधी आभाळ दिसलं, मग त्यांची टोपी.

इंजिन चालू झालं तेव्हा आप्पा म्हणाले, "दौंडला जाऊन तुझी शिलाई मशीन आनू." मशीन आईची होती. माझ्या लग्नात तिनं मला दिलेली.

न्हावरे गावावरून गेलो. सासरच्या दारात पोहोचलो तेव्हा गाडी तापून वाफा निघत होत्या. आप्पांनी बॉनेट उघडलं. सासूबाई पाण्याची कळशी देऊन आत गेल्या. नवरा बाहेर आला. तो रेल्वेत फिटर. लोखंडाचं काम त्याला कळायचं. इंजिनाच्या चकाकत्या झाकणाकडं बघतच राहिला.

"कुणी केलं हे?"

"हिनं," आप्पा म्हणाले.

त्यानं बोट पुढं केलं.

"हात लावू नका," मी म्हणाले. "तापलंय."

दोन वर्षांत मी त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. शेवटचंही तेच ठरलं. त्यानं हात मागं घेतला, आप्पांनी मागितल्यावर आतून मशीन उचलून आणून मागच्या सीटवर ठेवली, आणि आम्ही निघालो.

मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या लागत होत्या. आप्पा एकदाच बोलले, "मला वाटलं, रडशील."

"मलाही वाटलं होतं," मी म्हणाले.

पुढं काही वर्षांनी आप्पा गेले. नातेवाईक म्हणाले, गाडी विकून टाक, तुला काय करायचीय? मी चाळिशीच्या तोंडावर ड्रायव्हिंग शिकले. पहिल्यांदा एकटी निघाले ती वडगाव रासाईला, भीमेच्या काठी. डबा नेला होता, तो गाडीतच बसून खाल्ला. म्हशी पाण्यावर आणलेले एक आबा काचेशी वाकले आणि मागची सीट न्याहाळत म्हणाले, "एकट्याच आलाय व्हय, बाई?"

"हो," मी म्हणाले.

"बरं बरं," म्हणून ते म्हशींच्या मागं गेले. मी अजून थोडा वेळ नदीकडं बघत बसले आणि मग गाडी चालू केली.