हिरव्या साडीतला फोटो

नव्या साडीच्या खळीचा वास आला की मी अजून नाकाला रुमाल लावते. कॉलेजात असताना इतवारीच्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर, मी मावशीसोबत बसले होते. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून नात्यातल्या एका लग्नासाठी तिची साडी आम्हीच घेणार होतो. "सरळ उभी राह्य वं, तुझ्या आईले काठ दिसला पाहिजे," मावशी म्हणाली. दुकानदाराने माझ्या कुर्त्यावरूनच हिरवी साडी गुंडाळली, स्वतःच्या फोनवर फोटो काढला आणि आईला पाठवला. आईने घरबसल्या दोन मिनिटांत पसंती कळवली. सोय खरंच मोठी होती. दुसऱ्या दिवशी तोच फोटो दुकानाच्या इन्स्टाग्रामवर दिसला. मान खाली घातलेली मी, आणि खाली अनोळखी पुरुषांच्या कमेंट: "साडी राहू द्या, पोरगी कोणाची ते सांगा", "हीच पॅक करून पाठवा भाऊ." मी अंघोळ केली, मग पुन्हा केली. मावशी हसत म्हणाली, "काहून रडून राहिली? चांगली तर दिसते." दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "काढतो ना बेटा, पण तुझ्या फोटोमुळे सगळ्या हिरव्या साड्या खपल्या." फोटो आठवडाभर तसाच राहिला. आई ती साडी लग्नात नेसली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले नाही. आता मीही अशाच पेजवरून साड्या निवडते, इतवारीची गर्दी टळते. काल एका पेजवर साडी गुंडाळलेली एक अवघडलेली मुलगी दिसली. किळस आली, पण तोवर मी तिचा फोटो बोटांनी मोठा करून काठ बघून घेतला होता.